अ‍ॅरिझोनात विमान शिकताना: परवाना, व्हिसा आणि उड्डाण न करण्याचा निर्णय

वैमानिक होण्यासाठी परदेशी निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या बोलण्यात खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, फारसा येत नाही. बोलणे असते ते व्यावसायिक परवान्याचे, त्यासाठी लागणाऱ्या २०० तासांचे आणि परत आल्यावर मिळेल किंवा मिळणार नाही अशा नोकरीचे. पीपीएल हा लवकरात लवकर उरकून टाकायचा टप्पा आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मी हा टप्पा अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या उत्तर भागातील डीअर व्हॅली विमानतळावर पूर्ण केला आणि तो करताना माझे मत याच्या अगदी उलट झाले. विमान हाताळण्याचे कौशल्य पुढेही वाढत राहते. पण आज उड्डाण करावे की करू नये हे स्वतःच्या बुद्धीने ठरवण्याची सवय याच टप्प्यात लागते, आणि इथे लागली नाही तर पुढे ती लावून घेणे अवघड असते. परदेशी विद्यार्थ्याला तर ही सवय लावून घेण्यासाठी दुप्पट झगडावे लागते, कारण व्हिसाची मुदत, डॉलरमधला खर्च आणि घरच्यांनी काढलेले कर्ज या तिन्ही गोष्टी त्याच्या प्रत्येक निर्णयावर दाब आणत असतात. या लेखात मला मुख्यतः त्या दाबाविषयी लिहायचे आहे. पण तो समजण्यासाठी आधी प्रक्रिया समजून घ्यायला हवी.

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षणाची सोय आहे, आणि अनेकांसाठी तोच मार्ग अधिक योग्य आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. मी अ‍ॅरिझोना निवडले ते तिथल्या बहुतांश वर्षभर निरभ्र असणाऱ्या आकाशासाठी आणि तासाभराच्या उड्डाणात गाठता येतील अशा असंख्य लहानमोठ्या विमानतळांसाठी.

अमेरिकेत पूर्ण वेळ वैमानिक प्रशिक्षण घ्यायचे असेल तर सहसा एम-१ हा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप परवाना मिळवून यावा, असा सल्ला देणारे एजंट मला पुण्यातही भेटले आणि मुंबईतही. तो सल्ला कोणीही ऐकू नये. परवान्यापर्यंत नेणारा अभ्यासक्रम पर्यटक व्हिसावर करता येत नाही आणि अशी गोष्ट एकदा नोंदली गेली की पुढचा प्रत्येक व्हिसा धोक्यात येतो. योग्य मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे. परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेकडून आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म मिळवायचा, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलरचे शुल्क भरायचे, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरून वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यायची. एम-१ वरचा मुक्काम अभ्यासक्रमाच्या कालावधीला बांधलेला असतो आणि एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो. अभ्यासक्रम चालू असताना नोकरी करता येत नाही आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर, परिस्थिती आपल्या हाताबाहेरची असल्याखेरीज, संस्थाही बदलता येत नाही. म्हणून संस्था निवडतानाची चौकशी ही केवळ औपचारिकता नव्हे. मी तिथे आधी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांना फोन करून एकच प्रश्न विचारत असे: विमान दुरुस्तीला गेल्यावर दुसरे विमान किती दिवसांत मिळत होते? माहितीपत्रकात या प्रश्नाचे उत्तर कधीच नसते.

याखेरीज अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाची, म्हणजे टीएसएची, स्वतंत्र मंजुरी लागते. २००१ सालच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ही पद्धत सुरू झाली आणि २०२४ पासून तिचे नियम नव्याने लागू झाले आहेत. बोटांचे ठसे द्यावे लागतात, १४० डॉलर शुल्क भरावे लागते, आणि मंजुरी हाती येईपर्यंत विमानातील प्रशिक्षण सुरू होत नाही. तोवर जमिनीवरचा अभ्यास मात्र करता येतो आणि तो करावाच. २०२५ च्या सुरुवातीपासून आणखी एक अट आली आहे: ज्याचा अमेरिकेत निवासाचा पत्ता नोंदलेला नाही अशा अर्जदाराला त्या देशातील एक प्रतिनिधी नोंदवावा लागतो, म्हणजे हवाई वाहतूक प्रशासनाचे, एफएएचे, कायदेशीर कागद त्याच्यामार्फत पोहोचवता येतात. माझ्यासाठी हे काम टेक्सासमधल्या मावसभावाने केले. ज्यांचे तिथे कोणी नाही त्यांच्यासाठी ही सेवा शुल्क घेऊन पुरवणारे लोक आहेत. वैद्यकीय तपासणीबाबत एवढेच सांगते की, पुढे भारतात व्यावसायिक परवाना घ्यायचा असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, वर्ग १ ची तपासणी पैसे भरण्याच्या आधी करून घ्यावी. डोळ्यांतला किंवा कानांतला दोष कर्ज मंजूर झाल्यानंतर कळणे फार महागात पडते.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षण. एफएएच्या नियमावलीतील भाग ६१ नुसार किमान ४० तासांचे उड्डाण लागते आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या भाग १४१ नुसार ३५ तासांचे. हे आकडे ऐकून अनेक पालक पैशांचा हिशेब मांडतात आणि तिथेच पहिली गफलत होते, कारण बहुतेक विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात साठ-सत्तर तास लागतात. भाग ६१ च्या ४० तासांत २० तास प्रशिक्षकाबरोबरचे आणि १० तास एकट्याने केलेले असावे लागतात; रात्रीचे तीन तास, केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचे तीन तास आणि एकट्याने केलेला एकूण किमान १५० सागरी मैलांचा प्रवास हेही त्यात येते.

मी उन्हाळ्याच्या तोंडावर पोहोचले. सोलापूरचा मे महिना पाहिलेल्या मला उष्णतेची भीती वाटत नव्हती. पण तिथली उष्णता विमानाचे काय करते हे मला ठाऊक नव्हते. हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारी उचल कमी होते, इंजिनाची शक्तीही घटते आणि विमान प्रत्यक्षात आहे त्याहून खूप उंचावर असल्यासारखे वागू लागते. डीअर व्हॅलीची समुद्रसपाटीपासूनची उंची १४७८ फूट आहे. तापमान ४० अंश सेल्सिअस झाले की तेथील घनता-उंची, म्हणजे विमानाला जाणवणारी ही उंची, सुमारे ४८०० फुटांवर जाते. उत्तरेला प्रेस्कॉट हे डोंगरातले गाव आहे, त्याच्या विमानतळाची मूळ उंचीच ५००० फुटांहून थोडी अधिक. तिथे ३५ अंशांच्या दुपारी हा आकडा साडेआठ हजारांच्या पुढे जातो. पहाटे धावपट्टी सोडताच झपाट्याने वर चढणारे तेच सेसना १७२ हे शिकवणीचे लहान विमान दुपारी जमिनीपासून सुटायला नाखूश असते आणि चढताना कमालीचे मंदावते. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात शिकवणीचा दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो, आणि दहाच्या पुढे शिकाऊ विद्यार्थी सहसा जमिनीवरच दिसतात.

त्या पहाटेच्या अंधारात करायची तपासणी मला सर्वांत प्रिय झाली. आमच्या सेसना १७२ एस प्रकारच्या विमानात इंधन तपासण्याच्या १३ जागा असतात: दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पुढे पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणी पारदर्शक नळी दाबून थोडे इंधन काढायचे आणि बॅटरीच्या प्रकाशात धरून पाहायचे. या इंधनाचा रंग फिकट निळा असतो. पाणी शिरले असेल तर ते तळाशी वेगळे थेंब होऊन बसते. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत पाणी क्वचितच सापडते आणि म्हणूनच पाचव्या-सहाव्या जागेनंतर हात सैल पडू लागतो. माझ्या प्रशिक्षक त्या वेळी दूर उभ्या राहून फक्त पाहत असत. तेरावी जागा पहिल्या जागेइतकीच लक्षपूर्वक तपासली जाते की नाही, यावर त्या विद्यार्थ्याला जोखत, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

प्रशिक्षकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तिथे बसणारा हा पहिला धक्का असतो. अमेरिकेत विमान कंपनीत जाण्यासाठी साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो आणि तो मिळवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे इतरांना शिकवणे. त्यामुळे प्रशिक्षक बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचे असतात, त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी अशी त्यांची अपेक्षा असते आणि तास पूर्ण होताच ते निघून जातात. माझ्या बाबतीतही प्रशिक्षक मध्येच बदलल्या. नव्या प्रशिक्षकाला आपली जबाबदारी स्वीकारण्याआधी आपण काय जाणतो हे पाहणे भागच असते, त्यामुळे झालेल्या गोष्टी पुन्हा कराव्या लागतात आणि त्यांचे पैसेही पुन्हा भरावे लागतात. यात कोणाचा दोष नाही. पण या कारणासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवणे आवश्यक आहे.

रेडिओवरचे संभाषण हा दुसरा धक्का. डीअर व्हॅली हा लहान विमानांच्या वर्दळीसाठी ओळखला जाणारा विमानतळ आहे. दोन समांतर धावपट्ट्या, दोन्हींवर शिकाऊ विमाने, आणि नियंत्रकांचे बोलणे अखंड व वेगवान. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलेही सुरुवातीला गोंधळतात. इथे आपल्या वळणाचा एक धोका आहे, तो मी अनेक भारतीय विद्यार्थ्यांमध्ये पाहिला. वडीलधाऱ्याने किंवा अधिकाऱ्याने काही सांगितले की समजले नसले तरी मान डोलवायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. विमानात ते चालत नाही. धावपट्टी क्रमांक जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा लागतो, ऐकू आले नाही तर पुन्हा विचारावे लागते, आणि नियंत्रकाने सांगितलेली गोष्ट आपल्याला सुरक्षितपणे जमणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. मागून दुसरे विमान उतरायला येत असताना ‘लगेच उड्डाण कराल का’ असे विचारले गेले आणि आपली तयारी नसेल, तर नकार द्यायचा. नियंत्रक तो शांतपणे स्वीकारतात आणि आपल्याला थांबवून ठेवतात. आपण शिकाऊ आहोत हे पहिल्याच संपर्कात सांगितले तर ते सावकाश बोलतात, हा माझा सततचा अनुभव आहे. ‘हो सर’ म्हणण्याच्या सवयीतून बाहेर पडायला मला विमान सरळ उतरवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

अमेरिकन नियमावलीत कलम ९१.३ आहे. विमानाच्या संचालनाची थेट जबाबदारी आणि त्याबाबतचा अंतिम अधिकार वैमानिकाचा आहे, असे ते सांगते. संस्थेचा मालक, नियंत्रक किंवा खर्च करणारे वडील यांच्यापैकी कोणाकडेही तो अधिकार जात नाही. उड्डाणापूर्वी विचार करण्याची जी चौकट शिकवली जाते तीत चार गोष्टी तपासायच्या असतात: वैमानिक स्वतः, विमान, हवामानासह सारी परिस्थिती आणि बाहेरचा दबाव. स्थानिक विद्यार्थी चौथ्या गोष्टीवरून बऱ्याचदा झरझर पुढे जातो. फार तर त्याला संध्याकाळी कामावर जायचे असते. परदेशी विद्यार्थ्याने मात्र सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले पाहिजे, असे मला वाटते.

जुलैमधली एक सकाळ मला या संदर्भात सांगायची आहे. अ‍ॅरिझोनातही मान्सून असतो; जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ तिथे त्याच नावाने ओळखला जातो. आपल्यासारखी दिवसभराची संततधार मात्र तिथे नसते. सकाळ स्वच्छ असते, दुपारपर्यंत डोंगरांवर ढगांचे मनोरे उभे राहतात, मग गडगडाट आणि वादळ, आणि कधीकधी त्याच्या पुढून धावत येणारी धुळीची भिंत. त्या दिवशी माझा एकटीचा लांब पल्ल्याचा प्रवास ठरला होता आणि त्यातला पहिला टप्पा प्रेस्कॉटचा होता. पहाटे निघायचे होते. पण विमानाच्या एका टायरवर झीज दिसली, तो बदलेपर्यंत नऊ वाजून गेले. मी पुन्हा हवामानाची माहिती घेतली. प्रेस्कॉटचा अहवाल चांगला होता, दृश्यमानता भरपूर होती, नियमांच्या दृष्टीने उड्डाणाला कोणतीही आडकाठी नव्हती. पण वाटेतल्या ब्रॅडशॉ डोंगरांवर पांढरे ढग वाढताना उपग्रहाच्या चित्रात दिसत होते, आणि दुपारनंतर वादळाची शक्यता अंदाजातच लिहिली होती. मूळ योजनेनुसार वादळाच्या वेळेला मी केव्हाच परतलेली असणार होते. आता ते अंतर उरले नव्हते. दुसरीकडे, हा प्रवास झाल्याशिवाय अंतिम परीक्षेसाठी नाव देता येणार नव्हते, परीक्षकांच्या तारखा कित्येक आठवडे पुढच्या मिळत होत्या आणि माझ्या आय-२० वरची शेवटची तारीख मला तोंडपाठ होती. घरी आईने सकाळीच देवापुढे दिवा लावल्याचा निरोपही येऊन पडला होता.

मी प्रशिक्षकांकडे गेले आणि त्यांनी नाही म्हणावे अशी वाट पाहत उभी राहिले. त्यांनी माझ्या नोंदी वाचल्या आणि ‘हे तू ठरवायचे आहेस’ एवढेच म्हटले. मी विमानाची चावी परत केली.

त्या दिवशी वादळ संध्याकाळपर्यंत आले नाही. दुसऱ्या संस्थेतला एक विद्यार्थी माझ्यानंतर निघून त्याच मार्गाने सुखरूप परतला. दुपारी प्रशिक्षकांनी मला बोलावले ते कौतुकासाठी नव्हे, माझ्याकडून कारणमीमांसा ऐकण्यासाठी. निर्णय घेताना माझ्या हाती कोणती माहिती होती आणि तिच्यावरून हा निष्कर्ष निघतो का, एवढेच त्यांनी तपासले. पुढे प्रत्यक्षात काय घडले याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. निकालावरून निर्णय जोखण्याची आपली शालेय सवय त्या खोलीत माझ्यापुरती मोडली. वादळ आले असते तर मी स्वतःला शाबासकी दिली असती आणि काहीच शिकले नसते.

याच कारणासाठी पैशांचा प्रश्न हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे मी मानते. ज्याच्याकडे केवळ किमान तासांपुरते पैसे आहेत तो विद्यार्थी ढगांकडे पाहताना खिशाचा विचार करणारच. माझ्या वेळी सेसना १७२ चे भाडे इंधनासह तासाला १८० ते २०० डॉलरच्या दरम्यान होते आणि प्रशिक्षकाचे मानधन त्याहून वेगळे. लेखी परीक्षेचे १७५ डॉलर, परीक्षकाचे हजाराच्या आसपास, शिवाय पुस्तके, हेडसेट, विमा. राहणे-खाणे सोडून केवळ पीपीएलसाठी १८ ते २० हजार डॉलरची तरतूद असावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. संपूर्ण अभ्यासक्रमाची रक्कम एकदम आगाऊ भरू नये. टप्प्याटप्प्याने भरण्याची मुभा देणारी संस्था थोडी महाग असली तरी परवडते. आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की रोजच्या फोनवर ‘आज किती तास झाले’ हा प्रश्न विचारू नये. माझ्या बाबांनी तो प्रश्न विचारणे थांबवले आणि त्याऐवजी ‘आज हवा कशी होती’ असे विचारू लागले, तेव्हा माझ्यावरचा किती भार उतरला हे त्यांना अजूनही पुरते ठाऊक नसेल.

अंतिम परीक्षेतही हाच विषय केंद्रस्थानी असतो. आधी ६० प्रश्नांची लेखी परीक्षा, तीत ७० टक्के गुण लागतात. सरावाने ती पार पडते. खरी कसोटी परीक्षकासमोरची. तोंडी भागात परीक्षक एक काल्पनिक प्रवास आखायला देतात आणि मग त्यात एकेक अडचण घालत जातात: मित्राला लग्नाला वेळेवर पोहोचायचे आहे, एक दिवा लागत नाही, वारा बदलला आहे, आता काय कराल? नियम पाठ असून भागत नाही. नियमात बसणारी गोष्ट आपण का टाळू, हे सांगता यावे लागते. उड्डाणात ४५ अंशांच्या तीव्र वळणात उंची १०० फुटांच्या आत राखणे, इंजिन बंद पडल्याचे गृहीत धरून शेत किंवा मोकळी जागा निवडणे, आखूड धावपट्टीवर ठरलेल्या खुणेपासून पुढे २०० फुटांच्या आत चाके टेकवणे, हे सारे असते. उत्तीर्ण झाल्यावर त्याच दिवशी १२० दिवसांचा तात्पुरता परवाना कागदावर मिळतो, प्लास्टिकचे कार्ड नंतर टपालाने येते. परीक्षकाची तारीख मिळवणे हे परीक्षेइतकेच कठीण असल्यामुळे, एकट्याचे पहिले उड्डाण होताच संस्थेकडे त्या तारखेचा पाठपुरावा सुरू करावा. ज्यांना प्रारंभाचा महिना निवडता येतो त्यांनी अ‍ॅरिझोनासाठी ऑक्टोबर निवडावा. उष्णता ओसरलेली असते आणि पुढचे कित्येक महिने पावसाळी वादळांचा अडथळा नसतो.

हा परवाना घेऊन परत आल्यावर भारतात लगेच विमान उडवता येईल का, असे बरेच जण विचारतात. येत नाही. एफएएच्या परवान्याला मुदत नसते, दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी केली की तो वापरता येतो. पण भारतात नोंदलेले विमान चालवण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि रेडिओ संभाषणाचा भारतीय परवाना ही पूर्तता करावीच लागते. त्यासाठी लॉगबुकमधील, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतील, प्रत्येक नोंद प्रशिक्षकाच्या सहीसह स्वच्छ व पूर्ण असावी. ज्या प्रशिक्षकांनी शिकवले ते सहा महिन्यांत दुसऱ्या राज्यात गेलेले असतात, त्यामुळे सही राहिली आहे का हे त्याच आठवड्यात पाहावे.